सैनिकाला सलाम, सरकारला नकार

३ सप्टेंबर २०१५ रोजी बीजिंगमध्ये जपानविरोधी युद्धातल्या विजयाच्या सत्तरीचं संचलन झालं. रणगाडे, क्षेपणास्त्रं असा नेहमीचा सरंजाम होताच, पण त्याच्या पुढे उघड्या गाड्यांमधून त्या युद्धात लढलेले म्हातारे सैनिक गेले. बहुतेक जण नव्वदीच्या आसपासचे. त्यांत कम्युनिस्टांच्या आठव्या रूट आर्मीतले आणि नव्या चौथ्या सेनेतले होते, यात नवल नव्हतं. नवल हे की, चँग कै-शेकच्या फौजेतून लढलेलेही त्यांच्यासोबत होते. ज्या सरकारला तैवानात हुसकावून १९४९ मध्ये आजचा चीन उभा राहिला, त्याच सरकारचे शिपाई तियानानमेन चौकात मानवंदना घेत होते.

या शिपायांच्या पिढीने माओच्या काळात आपलं युद्ध लपवून ठेवलं होतं. जपान्यांशी लढलो असं म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असायचा: कोणाच्या फौजेतून? उत्तर चुकीचं निघालं की ‘ऐतिहासिक प्रतिक्रांतिकारक’ असा शिक्का बसायचा, श्रमछावणी वाट्याला यायची, मुलाबाळांच्या शिक्षणात आणि नोकरीत बापाचा इतिहास आडवा यायचा. पदकं आणि फोटो घरातल्यांनीच नष्ट केले. हयात असलेल्या अशा वृद्धांना सामाजिक सुरक्षेच्या योजनांत सामावून घेण्याचा निर्णय चीनच्या नागरी व्यवहार मंत्रालयाने घेतला तो थेट २०१३ मध्ये, आणि त्याआधी बरीच वर्षं हे काम खासगी स्वयंसेवक गावोगाव फिरून, पदरमोड करून करत होते.

तेव्हा हा बदल लहान नाही. पण त्यात एक गोम आहे आणि तिच्याबद्दलच मला बोलायचं आहे. बीजिंग आज श्रेय देतं ते सैनिकाला, फार तर युद्धात पडलेल्या सेनापतीला. त्याला आघाडीवर पाठवणारं सरकार, त्याची रसद, त्याचा सर्वोच्च सेनानी, त्याच्या टोपीवरचं चिन्ह यांना मात्र शक्यतो चित्राबाहेर ठेवलं जातं. जणू तीस-चाळीस लाख माणसं आपापल्या मनाने, कुठल्याही राज्याशिवाय, देशप्रेमाच्या भरात लढायला निघाली होती. (चँगच्या पक्षाला मराठीत ‘राष्ट्रवादी’ म्हणण्याची पद्धत आहे, पण आपल्याकडे त्या शब्दासरशी घड्याळ डोळ्यांपुढे येतं, म्हणून मी कुओमिंतांग असंच म्हणतो.)

आधी लढाईकडे पाहू. जुलै १९३७ मध्ये बीजिंगजवळच्या लुगोऊ पुलावर चकमक झाली आणि जपानने उत्तर चीन गिळायला सुरुवात केली. ऑगस्टमध्ये चँगने शांघायमध्ये दुसरी आघाडी उघडली आणि जर्मन सल्लागारांनी तयार केलेल्या आपल्या सर्वोत्तम डिव्हिजन तिथे ओतल्या. तीन महिन्यांत त्यांतल्या बहुतेक संपल्या. १३ डिसेंबरला नानजिंग पडलं आणि पुढचे कित्येक आठवडे तिथे कत्तल चालली. १९३८ च्या वसंतात तायरच्वांगला चिनी फौजेने पहिला मोठा विजय मिळवला. तो मिळवून देणारा ली झोंगरेन हा ग्वांग्शी प्रांताचा, आणि काही वर्षांपूर्वी चँगविरुद्ध उघड युद्ध केलेला माणूस. त्या विजयाआधी जपान्यांना तेंगश्येनच्या तटबंदीशी रोखून धरणारा वांग मिंगचांग हा सिचुआनचा. गवताच्या चपला घालून आलेल्या त्याच्या सैनिकांबरोबर तोही तिथेच मेला. मग वुहान. मग चांगशा, जिथे १९३९, १९४१ आणि १९४२ अशा तीन वेळा जपानी फौजा मागे फिरल्या. १९४४ मध्ये हेंगयांग सत्तेचाळीस दिवस लढलं आणि पडलं. त्याच वर्षी पश्चिमेला युन्नानमधलं तेंगचोंग गल्लीगल्लीतून लढत परत घेतलं गेलं. तिथली सैनिकांची दफनभूमी सांस्कृतिक क्रांतीत उद्ध्वस्त करण्यात आली आणि नंतर पुन्हा बांधण्यात आली. या सगळ्या लढाया कुओमिंतांग सरकारच्या नावाने आणि त्याच्या हुकमाखाली लढल्या गेल्या.

कुओमिंतांगच्या हिशेबानुसार बावीस मोठ्या मोहिमा झाल्या आणि सुमारे ३२ लाख सैनिक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. कम्युनिस्ट पक्षाच्या स्वतःच्या हिशेबात त्यांच्या सेनांची हानी सहा लाखांहून थोडी जास्त आहे. दोन्ही आकडे ज्याचे त्यानेच मोजलेले असल्याने जरा हात राखूनच वाचायचे. तरी प्रमाण पाचास एक पडतं. तैवानातल्या जुन्या कुओमिंतांगवाल्यांचा युक्तिवाद इथेच थांबतो: रक्त आमचं सांडलं, विजय आमचा, कम्युनिस्ट येनानच्या आपल्या तळावर गुहांत बसून वाट पाहत राहिले.

मला हा युक्तिवाद पटत नाही. शेअर बाजारात भागभांडवल असतं तसं युद्धाचं श्रेय टक्क्यांत वाटता येत नाही. शांशी प्रांतातलं शिनकोऊ पाहा. ऑक्टोबर १९३७ मध्ये तिथल्या डोंगरी फटीत कुओमिंतांगच्या आणि प्रांतिक सरदार यान शीशानच्या फौजा जपान्यांना तोंड देत होत्या. १६ तारखेला आघाडीवरच्या पाहणीत हाव मंगलिंग हा कोअर कमांडर मारला गेला. त्या हुद्द्याचा, युद्धात पडलेला तो पहिला अधिकारी. डोक्यावर जपानी विमानांचा मारा चालूच होता. ती विमानं ज्या यांगमिंगपाव धावपट्टीवरून उडत, तिच्यावर १९ तारखेच्या रात्री आठव्या रूट आर्मीच्या एका रेजिमेंटने छापा घातला आणि चिनी दाव्यानुसार चोवीस विमानं निकामी केली. त्याच दिवसांत कम्युनिस्ट तुकड्या जपान्यांच्या पिछाडीच्या रसदवाटा तोडत होत्या. आता सांगा, शिनकोऊ तीन आठवडे टिकलं याचं श्रेय कोणत्या टक्केवारीत मांडायचं? समोर छाती लावून उभं राहणारे नसते तर मागे छापे घालायला जागाच उरली नसती. आणि मागचे छापे नसते तर समोरचे लवकर मोडले असते. (तायुआन शहर नोव्हेंबरात पडलंच. तेही सांगायला हवं, कारण दोन्ही पक्षांच्या कथांत प्रत्येक लढाई जिंकलेलीच असते.)

चीनमधल्या प्रत्येक शाळकरी मुलाला पिंगशिंगक्वान माहीत असतं. २५ सप्टेंबर १९३७ ला लिन पियावच्या डिव्हिजनने तिथे जपानी रसद-तुकडीवर घातलेला यशस्वी छापा. ‘अजिंक्य’ जपानी सैन्याला पहिला तडाखा, म्हणून तो शिकवला जातो. छापा खराच होता आणि त्याने लोकांना धीर आला, हेही खरं. पण तो याच शांशी मोहिमेतला एक प्रसंग होता आणि त्या मोहिमेत त्या वेळी लाखो सैनिक गुंतलेले होते. पुस्तकात छापा राहिला, मोहीम मागे पडली. खोटं न बोलता इतिहास कसा वाकवता येतो, याचा इतका स्वच्छ नमुना क्वचितच सापडेल.

कम्युनिस्टांचं खरं काम कुठे होतं? जपान्यांच्या पाठीमागे. उत्तर चीनच्या नकाशात जपानचा रंग सलग भरलेला दिसतो, पण प्रत्यक्षात त्यांच्या हाती होती शहरं आणि लोहमार्ग. त्यांच्यामधल्या खेड्यांत रात्री कोणाचं राज्य चालतं, हा प्रश्न होता. कम्युनिस्टांनी तिथे खंड कमी करवून घेतला, गावसमित्या उभ्या केल्या, धान्य लपवायला आणि निरोप पोचवायला माणसं तयार केली, हपेईच्या सपाट मुलखात घराखालून घराखाली जाणारी भुयारं खणली. जपानचा डाव होता चीनच्याच धान्यावर, कोळशावर आणि चिनी बाहुल्यांच्या कारभारावर हा ताबा चालवायचा. नानजिंगमध्ये १९४० साली वांग जिंगवेईचं सरकार त्यासाठीच बसवलं होतं, आणि हा वांग एकेकाळचा कुओमिंतांगचाच बडा नेता. हा डाव खेड्यांत रुजला नाही, याचं मोठं श्रेय कम्युनिस्टांना द्यावंच लागेल. ईशान्येत, म्हणजे जपानने १९३१ मध्येच गिळलेल्या मांचुरियात, तर तेव्हापासून ते जंगलात लढत होते. १९४० च्या फेब्रुवारीत त्यांच्या यांग जिंगयू या सेनानीला जपान्यांनी एकट्याला गाठून मारलं आणि पोट फाडून पाहिलं. आत झाडाची साल, गवताची मुळं आणि कापूस निघाला. ‘गुहेत बसून वाट पाहिली’ म्हणणाऱ्यांनी या माणसाला कुठे बसवायचं?

यावर उलट बाजूचं म्हणणं असं की, १९३७ मध्ये जेमतेम पन्नास-साठ हजारांची असलेली कम्युनिस्ट सेना १९४५ पर्यंत नऊ लाखांवर गेली. ही लढाई कसली, हा तर सत्तेचा विस्तार. अगदी बरोबर, विस्तारच होता. पण जपानच्या पिछाडीला विस्तारायचं म्हणजे तेवढा मुलूख जपानच्या हातून काढून घ्यायचा. विस्तार आणि प्रतिकार ही एकाच हालचालीची दोन नावं होती. माओला हे नीट कळत होतं. १९६४ मध्ये भेटायला आलेले जपानी समाजवादी दिलगिरी व्यक्त करू लागले तेव्हा त्याने सांगितलं की माफी मागायचं कारण नाही, तुमच्या सैन्याने आक्रमण केलं नसतं तर आम्हाला सत्ता मिळाली नसती. त्यात उपरोध किती आणि खरेपणा किती यावर वाद घालणारे घालोत. विजयाच्या सरकारी भाषणांत हे वाक्य येत नाही, एवढं खरं.

दोन पक्षांमधला हा सामना वाटतो तितका दोन पक्षांमधलाही नाही. १९४० च्या ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत कम्युनिस्टांनी जी सगळ्यात मोठी मोहीम केली ती ‘शंभर रेजिमेंटांची मोहीम’. लोहमार्ग उखडले, खाणी बंद पाडल्या, जपानी चौक्या उडवल्या. तिचा सूत्रधार पंग तह्वाय. जपान्यांनी सूड म्हणून ‘मारा, जाळा, लुटा’ असं धोरण गावोगाव चालवलं. १९५९ मध्ये याच पंगने माओच्या धोरणावर टीका केली आणि तो पदावरून गेला. सांस्कृतिक क्रांतीत त्याच्या गुन्ह्यांच्या यादीत काय होतं? ही मोहीमच: आपली ताकद वेळेआधी उघड केली आणि चँगचा भार हलका केला, असा आरोप. म्हणजे जपान्यांशी जास्त जोरात लढला हाच गुन्हा. १९७४ मध्ये तो कैदेतच वारला. पिंगशिंगक्वानचा वीर लिन पियाव १९७१ मध्ये विमान अपघातात मेल्यावर देशद्रोही ठरला आणि बरीच वर्षं त्याची लढाई त्याच्या नावाविना सांगितली गेली.

समुद्रापलीकडे, चँगच्या तैवानात, निराळं काही नव्हतं. १९४२ मध्ये ब्रह्मदेशात येनानजाउंगला वेढ्यात सापडलेल्या ब्रिटिश फौजेला सोडवणारा सुन लीरेन आपली डिव्हिजन शाबूत राखून भारतात उतरला. बिहारातल्या, म्हणजे आताच्या झारखंडातल्या, रामगढच्या छावणीत त्याच्या सैनिकांना नवी शस्त्रं आणि नवं प्रशिक्षण मिळालं आणि तिथूनच ती फौज पुन्हा ब्रह्मदेशात शिरली. तैवानात १९५५ मध्ये चँगने याच सुनला नजरकैदेत टाकलं, ते १९८८ पर्यंत. आणि १९३६ च्या डिसेंबरात शीआनमध्ये चँगलाच ओलीस धरून दोन्ही पक्षांना एकत्र लढायला भाग पाडणारा चँग श्वेलियांग? त्यानेही अर्धशतकाहून अधिक काळ नजरकैद भोगली. त्याचा साथीदार यांग हूचेंग याला १९४९ मध्ये, युद्धकाळातली राजधानी चोंगचिंग हातची जायच्या तोंडावर, कुटुंबासकट मारलं. ज्या आघाडीचं श्रेय आज दोन्ही बाजू मागतात ती घडवून आणणाऱ्यांचं हे झालं. कोणी लढाई जिंकली याच्याशी श्रेयाचा संबंध थोडाच असतो. आज दरबारात कोणाची वट आहे, याच्याशी जास्त.

इथवर कुओमिंतांगचं पारडं मी जड केलं असं वाटत असेल, तर श्रेयाबरोबर येणारं देणंही मांडायला हवं. जून १९३८ मध्ये जपान्यांना अडवण्यासाठी चँगच्या फौजेने ह्वायुआनकोऊ इथे पीत नदीचा बांध फोडला. खाली शेतात काम करणाऱ्यांना आगाऊ सूचना नव्हती. लाखो माणसं बुडून, उपासमारीने आणि रोगराईने मेली, आणखी कित्येक लाख देशोधडीला लागली. आणि सरकारने तेव्हा खापर जपानी बाँबवर फोडलं. १९४२-४३ मध्ये हेनानमध्ये दुष्काळ पडला असतानाही सैन्यासाठी धान्यवसुली थांबली नाही. वीस ते तीस लाख माणसं गेली असा अंदाज केला जातो. १९४४ मध्ये जपानी फौजा त्याच हेनानवर चालून आल्या तेव्हा शेतकऱ्यांनी माघार घेणाऱ्या आपल्याच सैनिकांची हत्यारं काढून घेतली. चिनी शेतकऱ्याने चिनी सैन्याविरुद्ध विळा उचलावा, यापेक्षा कठोर निकाल कोणता? युद्ध संपल्यावर चीनमधल्या जपानी फौजांचा सरसेनापती ओकामुरा यासुजी याला १९४९ च्या जानेवारीत कुओमिंतांगच्याच लष्करी न्यायालयाने निर्दोष सोडलं. कम्युनिस्टांविरुद्ध त्याचा सल्ला उपयोगी पडत होता.

आणि दोघे आपसात लढत होते, तेही ऐन युद्धात. ऑक्टोबर १९४० मध्ये ह्वांगच्यावला चेन यीच्या नव्या चौथ्या सेनेने कुओमिंतांगच्या हान तेछिनचा पराभव केला. तीन महिन्यांनी, जानेवारी १९४१ मध्ये, दक्षिण आन्ह्वेमध्ये कुओमिंतांगने त्याच नव्या चौथ्या सेनेचं मुख्यालय घेरून कापून काढलं. कम्युनिस्ट पुस्तकांत दुसरी घटना भरपूर रंगते, पहिलीची बोळवण ‘प्रतिगाम्यांना धडा’ अशा ओळीत होते. तैवानच्या जुन्या पुस्तकांत नेमकं उलट.

बीजिंगची आजची अधिकृत मांडणी २००५ मध्ये हू जिंताव यांच्या भाषणात पक्की झाली: समोरच्या आघाडीवर कुओमिंतांग, शत्रूच्या पिछाडीला कम्युनिस्ट. ऐकायला हे समतोल वाटतं, आणि जुन्या काळाच्या मानाने ते आहेही. पण लगेच पुढचं वाक्य येतं की कम्युनिस्ट पक्ष हा या संपूर्ण प्रतिकाराचा मुख्य आधारस्तंभ होता. म्हणजे काम दोघांत वाटलं आणि नेतृत्व एकाकडे ठेवलं. २०१४ आणि २०१५ मध्ये सरकारने जाहीर केलेल्या जपानविरोधी वीरांच्या याद्यांत कुओमिंतांगचे सेनापतीही आहेत. बीजिंगमधल्या एका रस्त्याला चँग झुचोंगचं नाव आहे. १९३७ मध्ये जपान्यांशी वाटाघाटी करणारा म्हणून गद्दार ठरलेला आणि १६ मे १९४० ला हुपेईत लढताना मेलेला हा सेनापती आज दोन्ही बाजूंना आपला वाटतो. हे सगळे मेलेले आहेत हा योगायोग नाही. आपण कोणत्या सरकारचा पगार घेत होतो हे सांगायला मेलेला सेनापती परत येत नाही.

२०१७ पासून शाळेच्या पुस्तकांत युद्ध आठ वर्षांचं न राहता चौदा वर्षांचं झालं. सुरुवात १९३७ ऐवजी १९३१. यामागचं राजकारण उघड आहे: पहिल्या सहा वर्षांत चँगने जपानला फारसा विरोध केला नाही आणि ईशान्येत कम्युनिस्ट लढत होते. तरीही माझं मत या बदलाच्या बाजूने आहे. मांचुरियातल्या माणसासाठी युद्ध १९३१ लाच सुरू झालं होतं, त्याने आणखी सहा वर्षं थांबावं असं म्हणण्यात काही अर्थ नाही. हेतू सरळ नसतानाही गोष्ट बरोबर असू शकते. (त्या काळात ईशान्येत लढणाऱ्यांत कुओमिंतांगच्या आदेशाला न जुमानणारे ईशान्य सेनेचे अधिकारीही होते, हे पुस्तकात किती येतं कोण जाणे.)

मर्यादा कुठे येते ते शांघायच्या सिहांग गोदामाने दाखवून दिलं. ऑक्टोबर १९३७ च्या अखेरीस श्ये जिनयुआनच्या चारशेच्या आसपास सैनिकांनी, लोकांच्या तोंडी ‘आठशे वीर’, परदेशी वसाहतीच्या डोळ्यांदेखत ते गोदाम लढवलं आणि छतावर आपल्या सरकारचा झेंडा चढवला. हा प्रसंग पडद्यावर आणणारा मोठा चिनी चित्रपट २०१९ च्या जूनमध्ये शांघाय महोत्सवाच्या उद्घाटनाला दाखवायचा होता, तो आदल्या दिवशी ‘तांत्रिक कारणांमुळे’ मागे घेतला गेला. त्याआधी जुन्या विचारांच्या मंडळींनी कुओमिंतांगचा गौरव होतो म्हणून आक्षेप घेतले होते. चित्रपट २०२० च्या ऑगस्टमध्ये आला आणि तुफान चालला, पण ज्या झेंड्यासाठी सगळी माणसं मरतात तो झेंडा पडद्यावर धड दिसत नाही. सैनिकाला सलाम आणि सरकारला नकार, हे यापेक्षा स्पष्ट कुठे दिसणार?

दुसरी मर्यादा कायद्याची. १९४१ मध्ये लांग्या डोंगरावर पाच कम्युनिस्ट सैनिक जपान्यांच्या हाती लागू नये म्हणून कड्यावरून उडी मारतात, अशी कथा आहे. २०१३ मध्ये हुंग झेनक्वाय या लेखकाने तिच्या तपशिलांवर शंका घेतली. तीन वर्षांनी बीजिंगच्या न्यायालयाने त्याला माफी मागायला लावली. २०१८ मध्ये वीर आणि हुतात्म्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला, २०२१ मध्ये अशी बदनामी तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा ठरली. ज्या देशात एका बाजूच्या कथेचा तपशील तपासणं गुन्हा होऊ शकतं, तिथे दुसऱ्या बाजूला दिलेलं श्रेय ही मेहेरबानीच राहणार.

आपलीही आठवण यात अर्धीच आहे, हे कबूल करायला हरकत नाही. चीनचं युद्ध म्हटलं की मराठी माणसाला सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. १९३८ मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या वैद्यकीय पथकात पाच डॉक्टर होते: अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी. त्यांतले चोळकर नागपूरचे. १ सप्टेंबर १९३८ ला मुंबई सोडल्यावर हे पथक येनानला पोचलं ते फेब्रुवारी १९३९ मध्ये. मधले महिने त्यांनी हानकोऊ, यीचांग, चोंगचिंग इथे काढले, कुओमिंतांग सरकारच्या मुलखात, चिनी रेडक्रॉसच्या व्यवस्थेत, त्याच सरकारच्या जखमी सैनिकांवर उपचार करत. शंभर रेजिमेंटांच्या मोहिमेत कोटणिसांनी जखमींवर केलेलं काम, बेथून रुग्णालयाचं संचालकपद, ग्वो छिंगलानशी लग्न, ९ डिसेंबर १९४२ ला हपेईतल्या खेड्यात आलेला मृत्यू, हे आपल्याला पाठ आहे आणि ते असायलाच हवं. व्ही. शांताराम यांनी त्यावर चित्रपट काढला, चिनी नेते भारतात आले की कोटणीस कुटुंबाला भेटत आले. पण हानकोऊच्या इस्पितळाची गोष्ट कुठे आहे? नागपूरच्या चोळकरांचं नाव किती जणांना माहीत आहे? आपण कोटणिसांना आठवतो ते बऱ्याच अंशी बीजिंगने आखून दिलेल्या चौकटीत. नेहरू ऑगस्ट १९३९ मध्ये चोंगचिंगला चँगचे पाहुणे होते. फेब्रुवारी १९४२ मध्ये चँग भारतात आला आणि कलकत्त्यात गांधीजींना भेटला. त्या काळच्या भारतीयांच्या दृष्टीने लढणारा चीन हा एकच होता आणि त्याचं सरकार चोंगचिंगला होतं.

तैवानात प्रश्न आणखी गुंतलेला आहे. २०१५ मध्ये राष्ट्राध्यक्ष मा यिंग-जियू यांनी युद्धाचं नेतृत्व चिनी प्रजासत्ताकाने, म्हणजे तैवानात आजही असलेल्या राज्याने, केलं असं ठासून सांगितलं. त्याच वर्षी त्यांच्याच पक्षाचे जुने अध्यक्ष लियेन चान बीजिंगच्या संचलनाला गेले, आणि घरी शिव्या खाल्ल्या. पण याहून मुळाशी जाणारा आवाज माजी राष्ट्राध्यक्ष ली तेंग-ह्वेई यांचा होता: तैवान तेव्हा जपानची वसाहत होती, तैवानी माणसं जपानचे प्रजाजन म्हणून लढली. दोन लाखांहून अधिक तैवानी जपानी सैन्यात सैनिक किंवा कामगार म्हणून होते आणि सुमारे तीस हजार मेले. लींचे मोठे भाऊ त्यांतलेच. ३१ मे १९४५ ला तैपेईवर बाँब पडले ते अमेरिकेचे. या कुटुंबांना दोन्ही पक्षांच्या श्रेयात जागा नाही आणि ती त्यांनी मागितलेलीही नाही. बीजिंग जेव्हा ‘दोन्ही किनाऱ्यांच्या बांधवांचा सामायिक विजय’ म्हणतं, तेव्हा तो इतिहास राहत नाही, एकीकरणाच्या मागणीचा पुरावा होतो. तैवानात तरुणांना या वर्धापनदिनाशी फारसं देणंघेणं वाटत नाही, यात मला आश्चर्य दिसत नाही.

मग करायचं काय? माझी मागणी भाषणांकडून नाही, पाठ्यपुस्तकांकडून आहे आणि ती अगदी साधी आहे: राज्याचं नाव लिहा. त्यासाठी एक दस्तऐवज उत्तम आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेवर २६ जून १९४५ ला सान फ्रान्सिस्कोत सगळ्यांत पहिली सही चीनने केली, हे चिनी नेते अभिमानाने सांगतात. आक्रमणाचा पहिला बळी म्हणून तो मान चीनला दिला गेला होता. ती सही कू वेइजून यांची. चीनच्या शिष्टमंडळातल्या सह्यांत तुंग पीवू यांचीही आहे. पहिले कुओमिंतांग सरकारचे मुत्सद्दी, दुसरे कम्युनिस्ट पक्षाचे संस्थापक सदस्य, आणि दोघांनी सही केली ती चिनी प्रजासत्ताकाचे प्रतिनिधी म्हणून. साडेतीन वर्षांनी, डिसेंबर १९४८ मध्ये, कम्युनिस्ट पक्षाने ‘युद्धगुन्हेगारां’ची यादी काढली, तीत चँगबरोबर कू यांचंही नाव होतं. त्या पहिल्या सहीतून आलेली सुरक्षा परिषदेतली कायमची जागा १९७१ पासून बीजिंगकडे आहे. जागा वापरायची असेल, तर ती कोणत्या सरकारने मिळवली हे शाळेच्या पुस्तकात त्या सरकारच्या पूर्ण नावासकट छापायला काय अडचण आहे? आणि त्याच पानावर ह्वायुआनकोऊचा बांध कोणी फोडला, हेही.